विंडोज ११ आणि लिनक्स मिंट: शेअर दिसंना, पिन चालंना, मराठी नावांच्या फाइली मधेच अडकतात

अंबाजोगाई_डीटीपी

मंडळी, मांडणी आधी सांगतो. समोरच्या काउंटरवर नवा लॅपटॉप आहे, विंडोज ११ प्रो (२४एच२), मायक्रोसॉफ्ट अकाउंट, रोजचं लॉगिन पिननं. आत जुना डेस्कटॉप, चौथ्या पिढीचा आय३, ८ जीबी रॅम. त्याला विंडोज ११ चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून त्यावर लिनक्स मिंट २२ टाकलंय. जुनं विंडोज १० बाजूला ड्युअल बूटमध्ये ठेवलंय, कारण कोरल ड्रॉ त्यातच आहे. मिंट टाकताना होम फोल्डर एन्क्रिप्ट करायचा पर्याय निवडला होता. शेजारच्या व्हिडिओवाल्यांचा मॅक मिनीसुद्धा अधूनमधून जोडावा लागतो.

नेटवर्क असं: फायबरवाल्याचा डबा आत (१९२.१६८.१.१), डेस्कटॉप त्याला केबलनं जोडलेला, त्याचा पत्ता १९२.१६८.१.२०. त्याच डब्यातून एक केबल बाहेर काढून समोर दुसरा वाय-फाय राउटर लावलाय. लॅपटॉप त्या राउटरवर असतो, पत्ता १९२.१६८.०.१०५.

अडचणी:

विंडोजच्या नेटवर्कमध्ये मिंट दिसंना. मिंटमधून लॅपटॉपला पिंग केलं तर उत्तर नाही. पण लॅपटॉपवर \\१९२.१६८.१.२० टाकलं तर पासवर्ड मागायलंय. तिथं पिन टाकला, मायक्रोसॉफ्टचा पासवर्ड टाकला, कशालाच दाद देईना. मिंटमध्ये शेअर (नेटवर्कवर दिलेला फोल्डर) 'गेस्ट'ला, म्हणजे बिनपासवर्डाच्या पाहुण्याला, खुला केला, तर लॅपटॉप म्हणायलाय की संस्थेच्या सुरक्षा धोरणानुसार गेस्ट प्रवेश बंद आहे. आता आमच्या दुकानात कसली आलीय संस्था.

पेनड्राइव्हनं न्यावं म्हटलं तर ६४ जीबीत ५० जीबी मोकळी असताना ११ जीबीचा लग्नाचा व्हिडिओ घेईना, 'फाइल फार मोठी आहे' म्हणतंय.

डेस्कटॉपची जुनी डी ड्राइव्ह मिंटमध्ये उघडते, पण तिच्यात काही लिहिता येत नाही.

आणि सगळ्यात डोकेदुखी म्हणजे मराठी नावांच्या एक्सेल फाइली. मिंटमध्ये टाकताना शंभरातल्या ऐंशी जातात, बाकीच्या 'नाव फार लांब' म्हणून थांबतात. विंडोजवर त्याच फाइली बिनतक्रार उघडतात.

---

मोंढा_कॉम्प्युटर

कंट्रोल पॅनेलमध्ये विंडोज फीचर्स उघडा, एसएमबी १.० (नेटवर्कवर फाइली देण्याघेण्याची जुनी पद्धत) वर टिक मारा, रीस्टार्ट करा. सगळी मशिनं दिसायला लागतील. ५ मिनिटांचं काम.

---

नेटवर्क_नांदेडकर

मोंढा भाऊ, नका सांगू हा उपाय. मे २०१७ मधला वॉनाक्राय व्हायरस एसएमबी १ मधल्याच भोकातून पसरला. त्याच वर्षीच्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टनं एसएमबी १ नव्या इन्स्टॉलेशनमधून काढलं. सांबानंही (लिनक्सवरून विंडोजला फोल्डर शेअर करणारा प्रोग्राम) ४.११ पासून ते मुळातच बंद ठेवलंय. म्हणजे विंडोजवर टिक मारली तरी समोरचं मिंट त्या भाषेत बोलणारच नाही. तुमच्या दुकानी टिक मारल्यावर मशिनं दिसत असतील तर ती दोन्ही विंडोजच असणार.

आता मूळ प्रश्न. 'एकीकडून पासवर्ड मागतं, दुसरीकडून पिंगही जात नाही', या एका वाक्यात निम्मं उत्तर आहे. तुमच्याकडे एक नेटवर्क नाही, एकात एक अशी दोन आहेत. फायबरचा डबा १९२.१६८.१ वाटतोय आणि त्याच्या पोटातला राउटर १९२.१६८.० वाटतोय. आतल्या राउटरवरचा लॅपटॉप बाहेर जाऊ शकतो, म्हणून १.२० सापडतो. पण १.२० वरून ०.१०५ कडं यायचं म्हटलं तर वाटेत राउटरचं नॅट (बाहेरच्याला थेट आतल्या पत्त्यावर न सोडणारी सोय) आडवं आहे. शिवाय 'मी इथं आहे' असं सांगणारे पुकारे राउटर ओलांडत नाहीत. त्यामुळं नेटवर्कच्या यादीत मिंट कधीच येणार नाही, सेटिंग काहीही करा.

समोरच्या राउटरच्या पानावर जा आणि ऑपरेशन मोडमध्ये 'ॲक्सेस पॉइंट' निवडा. जुन्या राउटरला तो पर्याय नसेल तर आधी त्याचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२ करा (तो पत्ता दुसऱ्या कुणाकडं नाही ना ते बघून), डीएचसीपी (मशिनांना पत्ते वाटायची सोय) बंद करा, मग डब्याकडून आलेली केबल निळ्या वॅन पोर्टमधून काढून कुठल्याही लॅन पोर्टात घाला. हा क्रम पाळा. डीएचसीपी बंद न करता केबल लॅनमध्ये घातली तर दोन-दोन वाटेकरी होतात आणि अर्ध्या मशिनांचं इंटरनेट जातं. झालं की लॅपटॉपचं वाय-फाय बंद-चालू करून बघा, पत्ता १९२.१६८.१ नं सुरू व्हायला हवा.

वाय-फायवर 'गेस्ट नेटवर्क' लावलं असेल किंवा 'एपी आयसोलेशन' चालू असेल तर तेही काढा. त्यात इंटरनेट झकास चालतं, पण मशिनं एकमेकांना दिसत नाहीत, म्हणून माणूस भलतीकडंच शोधत बसतो.

मग लॅपटॉपवर सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय, त्या जोडणीच्या प्रॉपर्टीज, तिथं 'प्रायव्हेट नेटवर्क'. 'पब्लिक' असेल तर फायरवॉल शेअरिंग अडवतं. आणि पिंगवर फार विसंबू नका, विंडोज पिंग अडवून फाइली देऊ शकतं. खरी परीक्षा ४४५ नंबरच्या पोर्टची. लॅपटॉपच्या पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन १९२.१६८.१.२० -पोर्ट ४४५ द्या (कमांड इथं उच्चाराप्रमाणं लिहितोय, टाइप करताना इंग्रजी अक्षरं घ्या). शेवटची ओळ 'ट्रू' आली की रस्ता मोकळा, पुढची भानगड फक्त ओळखीची. 'फॉल्स' आली तर पासवर्डशी झटापट करू नका, तिथवर तुम्ही पोचलेलाच नाहीत.

शेवटचं: डेस्कटॉपचा १.२० हा पत्ता फायबरच्या डब्यात डीएचसीपी रिझर्व्हेशननं पक्का करा. नाहीतर लाइट जाऊन आली की डबा त्याला दुसराच पत्ता देऊ शकतो आणि मॅप केलेली ड्राइव्ह लाल फुली दाखवते. आपल्याकडं लाइट जायला निमित्त लागत नाही.

---

टर्मिनलवाला_लातूर

ओळखीचं मी सांगतो.

लॅपटॉपवरून मिंटचा शेअर उघडताना जो पासवर्ड मागतात तो मिंटच्या सांबाचा असतो. त्याचा विंडोजच्या पिनशी काही संबंध नाही. पिन तर त्या लॅपटॉपपुरताच असतो, नेटवर्कवर जातच नाही. गंमत अशी की मिंटचं लॉगिन आणि सांबाचं लॉगिन यांचे पासवर्डही वेगळ्या वह्यांत लिहिलेले असतात. मिंटचा पासवर्ड बरोबर टाकूनही सांबा ओळखत नाही तो यामुळं. सांबाच्या वहीत नाव घालायला मिंटच्या टर्मिनलमध्ये सुडो एसएमबीपासडब्ल्यूडी -ए, पुढं मिंटमधलं युजरनेम. ते युजरनेम मिंटवर आधीपासून असायला हवं, नसलेल्या नावाला सांबा घेत नाही. पासवर्ड दोनदा विचारेल, टाइप होताना काही दिसणार नाही.

गेस्टचं म्हणाल तर ती अडवणूक विंडोज ११ प्रोच्या २४एच२ मध्ये मुळातच लावलेली आहे. प्रोमध्ये एसएमबी साइनिंग सक्तीचं झालं, गेस्टला सही करता येत नाही, म्हणून प्रवेश नाही. 'संस्था' हा शब्द मायक्रोसॉफ्टच्या ठोकळेबाज मजकुरातला, मनाला लावून घेऊ नका. रजिस्ट्री बदलून गेस्ट परत चालू करता येतो असे व्हिडिओ ढिगानं आहेत, पण दुकानात गिऱ्हाइकांचे आधार आणि सातबारे असतात, ते वाय-फायवर येईल त्याला उघडे कशाला ठेवायचे? नाव-पासवर्ड लावा, विषय मिटतो.

शेअरचा फोल्डर होमच्या बाहेर करा. तुमचं होम एन्क्रिप्टेड आहे, म्हणजे डेस्कटॉपवर कुणी लॉगिन केलेलं नसेल तर तो फोल्डर बंदच असतो आणि लॅपटॉपला रिकामा शेअर दिसतो. शिवाय अलीकडच्या उबुंटू-मिंटमध्ये होम इतर युजरांना बंद असतं. /एसआरव्ही/काम असा फोल्डर करा, त्याची मालकी आपल्या युजरला द्या, मग सांबाच्या एसएमबी डॉट कॉन्फ फाइलच्या शेवटी चौकोनी कंसात [काम], त्याखाली पाथ = /एसआरव्ही/काम, रीड ओन्ली = नो, व्हॅलिड युजर्स = तुमचं युजरनेम. एवढ्या ओळी पुरतात. टेस्टपार्म चालवा, लिहिण्यात चूक असेल तर ते सांगतं. मग सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट एसएमबीडी. मिंटचं फायरवॉल तुम्ही स्वतः चालू केलं असेल तरच सुडो यूएफडब्ल्यू अलाउ सांबा लागेल.

एवढं करूनही लॅपटॉप जुनाच नकार देत राहील, कारण त्यानं चुकीचं नाव लक्षात ठेवलेलं असतं. क्रेडेन्शियल मॅनेजर उघडा, विंडोज क्रेडेन्शियल्समध्ये १९२.१६८.१.२० ची नोंद असेल ती काढा, कमांड प्रॉम्प्टमध्ये नेट यूज * /डिलीट द्या. एकाच सर्व्हरला एकाच वेळी दोन वेगळ्या नावांनी विंडोज जोडून देत नाही, १२१९ नंबरची एरर येते ती हीच. साफ केल्यावर \\१९२.१६८.१.२०\काम उघडा.

नेटवर्कच्या यादीत मिंटचं चित्र दिसायलाच हवं असेल तर मिंटवर डब्ल्यूएसडीडी नावाची छोटी सेवा लागते, कारण विंडोज आता तोच पुकारा ऐकतं. पण मी म्हणेन, नका पडू त्यात. पत्ता पक्का आहे, मॅप नेटवर्क ड्राइव्हनं झेड ड्राइव्ह करून टाका.

उलट्या दिशेनं, म्हणजे मिंटमधून लॅपटॉपचा शेअर उघडायचा असेल तर युजरनेमच्या जागी मायक्रोसॉफ्टचा पूर्ण ईमेल आणि त्या अकाउंटचा पासवर्ड. तो आठवत नसेल, किंवा अकाउंट बिनपासवर्डाचं करून ठेवलं असेल, तर लॅपटॉपवर शेअरिंगपुरता एक लोकल युजर करा. त्याला पासवर्ड मात्र द्या, कोऱ्या पासवर्डाचं अकाउंट विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही.

---

जालना_हार्डवेअर

पेनड्राइव्ह आणि डी ड्राइव्हचं माझ्याकडं.

पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये आहे. त्यात एका फाइलीची मर्यादा ४ जीबीला एक बाइट कमी. जागा ५० जीबी असो नाहीतर ५०० जीबी, ११ जीबीचा तुकडा त्यात मावत नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. विंडोज आणि मॅक दोघांना लिहिता-वाचता येतं, लिनक्सच्या कर्नलात ५.४ पासून (२०१९) आहे, मिंट २२ ला वेगळं काही टाकावं लागत नाही. एनटीएफएस (विंडोजचं स्वतःचं फॉरमॅट) केलं तर मॅक वाचतो, पण लिहीत नाही. तुमच्याकडं मॅक येतो म्हणून एक्सफॅट. पेनड्राइव्हमधला माल आधी काढून ठेवा, फॉरमॅटमध्ये सगळं पुसलं जातं.

एक्सफॅटच्या दोन खोडी. पहिली, त्याला जर्नल (चालू लिहिण्याची नोंदवही) नाही, कॉपी चालू असताना उपटला तर फोल्डरच्या फोल्डर गायब होतात. लिनक्सवर तर जास्तच सांभाळा: मिंट आधी डेटा रॅममध्ये घेतं, पट्टी पूर्ण झालेली दिसते आणि खरं लिहिणं मागं चालूच असतं. यूएसबी २ चा पेनड्राइव्ह असेल तर ११ जीबीला काही मिनिटं मागून लागतात. फाइल मॅनेजरमध्ये इजेक्ट दाबा आणि 'आता काढा' म्हणेपर्यंत हात लावू नका. दुसरी खोड, ३२ जीबीच्या वरच्या ड्राइव्हला विंडोज १२८ केबीचे खण पाडतं. १० केबीची फाइलसुद्धा अख्खा खण अडवते. अशा १०,००० फाइली म्हणजे माल १०० एमबीचा आणि जागा गेली १.२८ जीबी. बारीक फाइलींचा ढीग असेल तर आधी एका झिपमध्ये बांधा.

डी ड्राइव्ह: विंडोज १० चं 'फास्ट स्टार्टअप' चालू आहे, पैजेवर सांगतो. त्यात शटडाउन म्हणजे खरं शटडाउन नसतं, अर्धी झोप असते, आणि ड्राइव्ह 'अजून वापरात आहे' अशा खुणेनं बंद होते. लिनक्स ते ओळखून फक्त वाचायला देतं. बरोबरच करतं, लिहू दिलं असतं तर विंडोज उठल्यावर दोघांचे हिशोब जुळले नसते. विंडोज १० मध्ये जाऊन कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', वर 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' वर क्लिक, मग खाली फास्ट स्टार्टअपची टिक काढा, सेव्ह, शटडाउन. तरीही नुसतं वाचायलाच देत असेल तर विंडोजमधूनच चेकडिस्क डी: /एफ चालवा. लिनक्समधलं एनटीएफएसफिक्स फक्त वरवरची खूण पुसतं, खरी दुरुस्ती करत नाही. आणि हायबरनेशनची फाइल जबरदस्तीनं काढा असं कुठं वाचलं असेल तर ते करू नका, विंडोजमध्ये सेव्ह न केलेलं काही असेल तर गेलं.

---

पैठणगेट_मॅक

मॅकची बाजू थोडक्यात. फाइंडरमध्ये कमांड आणि के, तिथं एसएमबी:// आणि पुढं १९२.१६८.१.२०, नाव-पासवर्ड सांबाचाच. मॅकवरून आलेल्या पेनड्राइव्हमध्ये प्रत्येक व्हिडिओच्या नावाआधी टिंब आणि अधोरेषा लागलेली ४ केबीची जुळी फाइल दिसेल. तो व्हिडिओ नाही, मॅकनं ठेवलेली किरकोळ माहिती आहे, विंडोजवर उघडत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. पुसली तरी चालते.

---

टर्मिनलवाला_लातूर

मराठी नावांचं राहिलंच होतं, आणि यात खरी मेख आहे. याचं उत्तर इंग्रजी साइटवर सहसा मिळत नाही, कारण त्यांना हा त्रास होत नाही.

विंडोजचं एनटीएफएस नावाची अक्षरं मोजतं, २५५ पर्यंत. लिनक्सचं ईएक्सटी४ बाइट मोजतं, तेही २५५ पर्यंत. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, फरक पडत नाही. देवनागरीत प्रत्येक चिन्हाला ३ बाइट. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त, सगळे वेगळे मोजायचे. म्हणजे लिनक्सवर जेमतेम ८५ चिन्हं. आणि तुमचं होम एन्क्रिप्टेड असल्यानं तिथं मर्यादा आणखी खाली येते, साधारण १४३ बाइट, म्हणजे देवनागरीची ४७ चिन्हं. नावावरसुद्धा एन्क्रिप्शन चढतं, त्याला जागा लागते.

उदाहरण बघा: '२०२४-२५ खरीप हंगाम पीक विमा नुकसानभरपाई पात्र शेतकऱ्यांची गावनिहाय अंतिम यादी'. देवनागरीची ६६ चिन्हं, त्यांचे १९८ बाइट, १० मोकळ्या जागा, एक आडवी रेघ, शेवटचं टिंबासकट ५ बाइटचं एक्स्टेन्शन. झाले २१४. साध्या ईएक्सटी४ वर बसतं, एन्क्रिप्टेड होममध्ये बसत नाही. तुमच्या ऐंशी गेल्या आणि वीस अडकल्या त्या अशा. शेअर /एसआरव्ही/काम मध्ये हलवला की यातल्या बहुतेक आपोआप जातील. उरतील त्यांची नावं आखूड करा. 'पीकविमा_खरीप२४_अंतिम' एवढं पुरे, बाकीचं फोल्डरच्या नावात टाका. फक्त फोल्डरात फोल्डर फार खोल नेऊ नका, विंडोजच्या बऱ्याच प्रोग्रामांना अख्खा पत्ता २६० अक्षरांच्या आत लागतो.

दुसरी मेख 'शेतकऱ्यांची' मधल्या अर्ध्या र ची. 'ऱ्या' तीन तऱ्हांनी लिहिता येतो आणि पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. एक, 'ऱ' हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त (इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट-जे). दोन, साधा र, खाली नुक्ता, मग हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि मधे न दिसणारं झेडडब्ल्यूजे चिन्ह. कॉम्प्युटरच्या लेखी ही तीन वेगळी नावं. त्यामुळं एकाच फोल्डरात 'शेतकऱ्यांची यादी' नावाच्या दोन फाइली सुखानं नांदतात, सर्चमध्ये एक सापडते अन् दुसरी नाही, आणि सिंक करणारा प्रोग्राम दरवेळी 'नवी फाइल' म्हणून पुन्हा कॉपी करतो.

मॅकच्या जुन्या हार्ड डिस्कवर, म्हणजे 'मॅक ओएस एक्स्टेंडेड' फॉरमॅट असेल तर, हे हमखास होतं. ती डिस्क पहिल्या प्रकारचं नाव घेऊन दुसऱ्या प्रकारात फोडून ठेवते. नवं एपीएफएस तसं फोडत नाही.

दुरुस्ती मिंटवर: कॉन्व्हएमव्ही हा नावं बदलणारा प्रोग्राम टाका, मग कॉन्व्हएमव्ही -आर -एफ यूटीएफ८ -टी यूटीएफ८ --एनएफसी आणि पुढं फोल्डरचं नाव. असं चालवलं तर ते फक्त काय बदलेल ते दाखवतं. यादी वाचा, पटली तर --नोटेस्ट जोडून परत चालवा. यानं पहिले दोन प्रकार एक होतात. तिसरा, झेडडब्ल्यूजेवाला, यानं सुटत नाही. त्याला मिंटमधल्या बल्की या एकगठ्ठा नाव बदलायच्या प्रोग्रामात शोध-बदल करावा लागतो: शोधच्या खान्यात अडलेल्या फाइलीच्या नावातूनच तो अर्धा र कॉपी करून डकवा, बदलच्या खान्यात ऱ आणि हलन्त. विंडोजवर हेच पॉवरटॉइजच्या पॉवररीनेमनं होतं. आणि यापुढं दुकानातल्या सगळ्यांनी एकच कीबोर्ड लेआउट वापरा.

लिनक्सवरून विंडोजकडं जाताना वेगळं. नावात : ? * " < > | यातलं काही असेल तर विंडोज घेत नाही. 'सभा १०:३०' असं नाव मिंटवर चालतं, सांबातून लॅपटॉपवर मात्र मधे ~ असलेलं आखूड विचित्र नाव दिसतं. शेवटी टिंब किंवा मोकळी जागा असलेली नावंही तशीच अडतात. आणि मिंट 'फॉर्म' व 'फॉर्म' (एक कॅपिटल एफ, एक स्मॉल) या दोन इंग्रजी नावांना वेगळं धरतं, विंडोज एकच धरतं, पेनड्राइव्हवर नेताना एक फाइल दुसरीच्या उरावर बसते.

---

मोंढा_कॉम्प्युटर

बरं, एसएमबी १ चं मान्य. पण जुनं झेरॉक्सचं मल्टिफंक्शन मशिन स्कॅन करून फोल्डरमध्ये टाकतं, त्याला दुसरं काही येतच नाही. त्याचं काय करायचं? आणि डीटीपीवाल्या भाऊंना एक: मिंटमध्ये जुन्या मराठी फाइली उघडल्या की नुसती इंग्रजी चिन्हं दिसतात, ती फाइल कॉपीत बिघडली म्हणून गिऱ्हाईक भांडतं.

---

नेटवर्क_नांदेडकर

त्या मशिनच्या मेनूत 'स्कॅन टू एफटीपी' किंवा ईमेल असतं बहुतेकदा, ते वापरा. एफटीपीचा सर्व्हर मिंटवर लावा, तो फक्त त्या एका फोल्डरपुरता आणि वेगळ्या युजरनं. एका स्कॅनरसाठी सगळ्या दुकानाचं दार उघडं टाकू नका.

फॉन्टचं बरोबर आहे. श्रीलिपी, कृतिदेव यांच्या जुन्या फाइलींत आत इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात, वरून फॉन्ट त्यांना मराठी चेहरा देतो. फॉन्ट नसेल तर चेहरा उतरतो. फाइल शाबूत असते. शंका असेल तर हॅश (फाइलीतल्या मजकुरावरून निघणारा ठशासारखा आकडा) जुळवा: विंडोजच्या पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश, मिंटवर शा२५६सम, मॅकवर शासम -ए २५६. विंडोज तो आकडा कॅपिटल अक्षरांत दाखवतं, बाकीचे स्मॉलमध्ये, तेवढा फरक सोडा. आकडा तोच आला तर फाइल एका बाइटानंही बदललेली नाही, गिऱ्हाइकाला तोच दाखवा.

---

अंबाजोगाई_डीटीपी

समोरचा राउटर ॲक्सेस पॉइंट केला, लॅपटॉपला १९२.१६८.१.३१ मिळाला. ४४५ ची चाचणी ट्रू. सांबाचा पासवर्ड केला, क्रेडेन्शियल मॅनेजर साफ केला, झेड ड्राइव्ह बसली. डी ड्राइव्हवर लिहिता यायलंय, फास्ट स्टार्टअपच होतं. मराठी नावांच्या सगळ्या गेल्या, फक्त दोन राहिल्या त्यांची नावं कापली.

आता दोन गोष्टी. लॅपटॉपसुद्धा केबलनं जोडला, दोन्ही मशिनांचे पोर्ट गिगाबिट, तरी वेग ११ एमबीच्या वर जाईना. आणि मोठी कॉपी चालू असताना लाइट गेली की डबा बंद पडतो, कॉपी तुटते आणि परत पहिल्यापासून.

---

जालना_हार्डवेअर

११-१२ एमबी म्हणजे जोडणी १०० एमबीपीएसवर बसलीय, काट्यावर तोललेला आकडा आहे हा. गिगाबिटला केबलच्या आठही तारा लागतात. १०० ला चारच पुरतात, १, २, ३ आणि ६ नंबरच्या. म्हणून अर्धवट क्रिंप केलेली केबल चालतेच, फक्त हळू, आणि कुणाला संशय येत नाही. मिंटवर सुडो ईथटूल आणि पुढं कार्डाचं नाव द्या, 'स्पीड' समोर १०० दिसेल. टेस्टरवर केबल लावा, ४, ५, ७, ८ चे दिवे लागले नाहीत तर दोन्ही टोकं कापून कॅट५ई ला नवे आरजे४५ मारा, दोन्हीकडं एकाच रंगक्रमानं. केबल ठीक निघाली तर फायबरच्या डब्याचे पोर्ट बघा, पुष्कळ डब्यांत एकच पोर्ट गिगाबिट असतो आणि बाकीचे १०० चे. तसं असेल तर मधे ५ पोर्टांचा गिगाबिट स्विच टाका आणि दोन्ही मशिनं त्यावर घ्या. ११ जीबीला आता १६ मिनिटं लागतायत, मग दोनेक मिनिटांत आलं पाहिजे. डेस्कटॉपची जुनी हार्ड डिस्क जेवढं लिहू शकेल तेवढंच, ते ध्यानात ठेवा.

---

टर्मिनलवाला_लातूर

तुटलेली कॉपी: एक्सप्लोररमधून ओढून टाकणं बंद करा. विंडोजची रोबोकॉपी कमांड वापरा: रोबोकॉपी, मग कुठून, मग कुठं, मग /ई /झेड /आर:२ /डब्ल्यू:५. /झेड मुळं तुटलेली फाइल जिथं थांबली तिथून पुढं सुरू होते. /आर आणि /डब्ल्यू विसरू नका, ते न दिल्यास रोबोकॉपी प्रत्येक अडलेल्या फाइलीला दहा लाख वेळा, दर ३० सेकंदांनी प्रयत्न करतं, आणि तुम्हाला वाटतं हँग झालं. शेवटी एक्झिट कोड ८ च्या खाली असेल तर कॉपी झाली, १ बघून दचकू नका, १ म्हणजे 'नव्या फाइली कॉपी झाल्या'. पेनड्राइव्ह फॅट३२ चा असेल तर /एफएफटी जोडा, फॅटची वेळ २ सेकंदांच्या टप्प्यात असते आणि त्या फरकानं रोबोकॉपी जुनीच फाइल बदललेली समजतं.

मिंटकडून त्याच कामाची कमांड आरसिंक -आरटी --पार्शियल. पेनड्राइव्हवर -ए नको, एक्सफॅटला लिनक्सच्या परवानग्या कळत नाहीत आणि एररची रांग लागते.

लॅपटॉपवरून मिंटवर ओपनएसएसएच सर्व्हर टाकून विनएससीपीनं पाठवलंत तरी चालेल. ते अर्धी फाइल फाइलपार्ट नावानं ठेवतं आणि पुढं चालू करतं. फायबरच्या डब्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, त्यावर डबा आणि मधला स्विच दोन्ही चालवा, ॲडाप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळतात का ते आधी बघून. डेस्कटॉप इन्व्हर्टरवर आहे ना?

---

अंबाजोगाई_डीटीपी

डेस्कटॉप इन्व्हर्टरवर आहे, डबा नव्हता. केबलमध्ये ७ आणि ८ चे दिवे लागत नव्हते, नवे आरजे४५ मारले, स्पीड १००० दाखवायलंय.

एकच राहिलं. मिंट चालवून विंडोज १० मध्ये गेलो की घड्याळ साडेपाच तास मागं जातं, आणि तिथं सेव्ह केलेल्या फाइली रोबोकॉपीला जुन्या वाटतात.

---

नेटवर्क_नांदेडकर

मदरबोर्डच्या घड्याळातली वेळ विंडोज स्थानिक समजतं, लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजतं, मधला फरक भारताचा साडेपाच तासांचा. मिंटमध्ये टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १ द्या. ती कमांड आपणहून धोक्याचा इशारा देईल, दुर्लक्ष करा. आपल्याकडं उन्हाळी-हिवाळी घड्याळ बदलत नाहीत, त्यामुळं तो धोका इथं लागू नाही. मग विंडोजमध्ये जाऊन 'सिंक नाऊ' एकदा दाबा. चुकीच्या वेळेनं सेव्ह झालेल्या फाइली एकदा उघडून परत सेव्ह करा, नाहीतर पुढच्या रोबोकॉपीला /एक्सओ लावला असेल तर ते त्यांना जुन्या धरून सोडून देईल.